बाहेरून लावलेली कडी

रशीदचाचा,

गुरुवारी नारायणगावच्या स्टँडवर तुमची जुन्नरची गाडी लागली, आणि पायरीवर एक पाय ठेवून तुम्ही मला म्हणालात, "सोमवारी बोलू, बाई." रविवारी दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. भांडण अर्ध्यावर टाकून जायची ही कुठली रीत? मी सोमवारी पूर्ण तयारीनं येणार होते. तुमचे मुद्दे मला पाठ आहेत. त्यांवरची उत्तरं घरी जाताना बोरीच्या गाडीत पुटपुटून झाली होती. शेजारच्या बाईनं विचारलंसुद्धा, "काय ओ, बरं वाटत नाय का?" आता ती उत्तरं मी कुणाला ऐकवू?

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. चांगलं बोलायला तुमच्याकडे माणसांची कमी नाही. तुमच्या गल्लीत रविवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती असं ऐकलं. तुमच्यावर चिडलेली बहुधा मी एकटीच आहे, तेव्हा ते काम माझ्याकडेच राहू द्या.

तुम्ही पोरांना शिवण शिकवायचात आणि मी समुपदेशक, म्हणजे मला पोरांशी बोलायचा पगार. दोन तालुक्यांच्या शिवेवर, उसाला लागून असलेलं आपलं निरीक्षणगृह. अठराच्या आतल्या ज्या पोरांवर गुन्ह्याची केस आहे, त्यांना निकाल लागेपर्यंत ठेवायची जागा. मी रुजू झाले त्या दिवशी अधीक्षकांनी सगळं फिरून दाखवलं. वर्ग, स्वयंपाकघर, झोपायचा हॉल, तुमची शिलाई मशीनं. एका दारापुढून मात्र आम्ही जरा भरभर निघालो. त्या दाराशी टोमॅटोचं एक प्लास्टिकचं क्रेट पालथं घातलेलं होतं आणि त्यावर तुम्ही बसला होतात, दाराला पाठ टेकून, हातात दोऱ्याचं रीळ धरून. मला वाटलं, म्हातारा उन्हातून आलाय, दम खातोय.

दाराच्या आत एक पोरगं होतं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

ती खोली मूळची गाद्या-सतरंज्या ठेवायची. कधीतरी गाद्या हलल्या, दारावर रंगानं 'शांतिकक्ष' असं लिहिलं गेलं आणि बाहेरून एक जाड कडी बसली. कुलूप नाही, नुसती कडी. खिडकी पार छताजवळ. एखादं पोरगं मारामारीत सापडलं, त्यानं ताट फेकलं, नाहीतर भिंतीवर डोकं आपटायला लागलं, की दोघं रखवालदार त्याचे हात मागे चादरीनं बांधायचे आणि त्याला आत लोटायचे. शांत झाला की काढू, म्हणायचे. शांत झाला की नाही ते बाहेरचा ठरवणार. पोरं त्या खोलीला पिंजरा म्हणायची. आपल्याकडे हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बिबट्यासाठी लावलेला वनखात्याचा पिंजरा प्रत्येकानं कुठल्या ना कुठल्या मळ्यात पाहिलेला असतो.

मुलाला शिक्षा म्हणून कोंडायचं नाही, बांधायचं नाही, हे आम्हाला प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते जाऊन अधीक्षकांना सांगितलं. ते काही राक्षस नव्हते, चाचा, तुम्हीही तसं म्हणायचात आणि ते खरंच होतं. त्यांच्याकडे रखवालदार दोन, पोरं हॉलभर, आणि मागे एकदा एका पोरानं फुटलेल्या ट्यूबलाइटची काच दुसऱ्याच्या गळ्याला लावली होती, त्याची धास्ती त्यांच्या मनातून गेली नव्हती. "मॅडम, शिक्षा कोन करतंय? सेफ्टी हाय ती," असं म्हणाले. मी विचारलं, सेफ्टी असेल तर हात कशाला बांधता? ते म्हणाले, "त्याच्या स्वतःच्याच सेफ्टीसाठी." म्हणजे ज्याला कोंडलं त्याचीच सोय. यापुढे बोलायचं तरी काय?

मग ती तपासणी समिती आली. तो दिवस आठवला की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. समितीतली माणसं आपल्याच भागातली होती, शेतीवाडीची, सज्जन. एकानं शांतिकक्षाच्या दारापाशी थांबून कडीला हात लावला आणि विचारलं, "ही बाहेरून का?" मला वाटलं, आता घोडं गंगेत न्हालं. अधीक्षक शांतपणे म्हणाले, "मागं ऊस हाय ना, साहेब. बिबट्या."

झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणालाच ते चुकीचं वाटलं नाही, आणि का वाटावं? आपल्याकडे दिवस कलला की पोरं आत घेऊन दार लावणं ही माया आहे. माझी आई अजून मळ्यातल्या घरून फोन करून विचारते, "दार लावलं का गं?" आमच्याकडे जेवलीस का याच्या आधी हे विचारतात. म्हणून 'बिबट्या' हा शब्द ऐकला आणि ते कोंडणंच एकदम माया ठरलं. एकानं निमगाव साव्याच्या पाहुण्यांच्या गोठ्यातून कालवड कशी नेली ते सांगितलं. दुसऱ्यानं त्याच्या बांधावर वनखात्याचा पिंजरा कसा रिकामाच पडून आहे ते सांगितलं. चहा आला. बिबट्यावर पोटभर बोलून झालं.

मी न राहवून म्हणाले, "साहेब, बिबट्या बाहेर असेल तर कडी आतून लागते. बाहेरून कडी लावतात ती आतला बाहेर येऊ नये म्हणून."

सगळे हसले. बाईमाणूस बरं बोललं, असं हसले. आणि चाचा, तुम्हीही हसलात. चहाचा ट्रे तुमच्या हातात होता आणि तुम्ही खाली मान घालून हसलात. ते मी विसरलेली नाही. नंतर मी तुम्हाला धारेवर धरलं तेव्हा म्हणालात, "हसू नको तर काय करू, बाई? रडलो असतो तर च्या सांडला असता."

असं बोलून निसटायची कला तुमच्याकडे होती. भीड भिकेची बहीण, हे मी तुम्हाला कितीदा ऐकवलं असेल. तुम्ही म्हणायचात, "बहीनच हाय ना, सवत तर नाय."

आता तुमच्या त्या दोऱ्याबद्दल. पोरगं आत गेलं की तुम्ही मशीन सोडून क्रेट उचलून यायचात. दोऱ्याच्या टोकाला शर्टाचं एक बटण बांधायचात आणि दाराखालच्या फटीतून ते टिचकीनं आत सरकवायचात. "धर रे," म्हणायचात. आतल्याचे हात बांधलेले असले तर रखवालदाराशी हुज्जत घालून आधी ते सोडवून घ्यायचात. एवढ्यापुरतं मात्र तुमचं चालायचं. मग दोऱ्याचं एक टोक आत, रीळ तुमच्या हातात. "मी हाय तवर दोरा ताठ ऱ्हाईल. ढिला पडला तर समज, चाचा मुतायला गेलाय." आतून पहिल्यांदा शिव्या यायच्या. मग लाथा. मग बराच वेळ काही नाही. आणि मग दोऱ्याला हलका हिसका बसायचा, आणि तुम्ही इकडून एक हिसका द्यायचात. याला मी काय म्हणू? मी त्या पोरांच्या फायलीत पानंच्या पानं लिहायचे आणि तुम्ही एका दोऱ्यावर त्यांना तगवायचात. मी तुमची आभारी होते. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही त्याचा भांडणात पुराव्यासारखा वापर केला असता.

पायलट आठवतो? त्याचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही, कायद्यानंही लिहायचं नसतं. घोडेगावच्या वर डोंगरातलं पोरगं. कुणाची तरी टोमॅटोनं भरलेली पिकअप चालू दिसली म्हणून बसला आणि निघाला, आणि चोरी करून गेला कुठे तर मार्केटला, जिथे ती जाणारच होती. रांगेत नंबर लावून उभा होता तेव्हा पकडला. "चोर असा असावा, बाई," तुम्ही म्हणायचात, "मालकाचं डिझेल बी वाया नाय घालवलं." पायलट हे नाव तुम्हीच ठेवलंत.

त्याची आई भेटीच्या दिवशी आली नाही. ती डोंगरातून घोडेगावला यायची, तिथून एसटीनं. त्या दिवशी गाडीच आली नव्हती. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. पायलटला वाटलं, आईनं सोडलं. त्यानं जेवणाचं पातेलं उलथं केलं आणि रखवालदाराच्या हाताला चावला. चादर आली. कडी लागली. तुम्ही क्रेट घेऊन आलात. मी अधीक्षकांच्या टेबलासमोर उभी राहून तावातावानं बोलत होते आणि तिकडून तुमचा आवाज येत होता. तुम्ही त्याला शर्टाची कॉलर कशी उलटवायची ते दाराबाहेरून समजावून सांगत होतात. दिवस उतरेपर्यंत तुम्ही तिथे होतात. जुन्नरची गाडी चुकवलीत. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या मुठीत बटण होतं आणि त्यानं ते परत दिलं नाही.

त्या दिवसानंतर आपलं खरं भांडण सुरू झालं. मी म्हणाले, अर्ज करू. बाल न्याय मंडळाकडे लेखी तक्रार, तुमची आणि माझी सही. मी नवी, माझं कोण ऐकणार? तुम्ही इतकी वर्षं त्या दाराशी बसलेला माणूस. तुमच्याइतका साक्षीदार कोण आहे? तुमचा चेहरा असा झाला जणू मी तुम्हाला चोरी करायला सांगतेय.

"आपलेच दात आन् आपलेच व्हट," तुम्ही म्हणालात. "चौकशी लागंल. गृह बंद करतील. पोरं पुन्याला धाडतील न्हाईतर लई लांब. पायलटची आई घोडेगावला यायला गाडी मिळंना म्हनून रडती, ती पुन्याला कशी जाईल, ते सांगा मला."

"मी खोली बंद करा म्हणते, गृह नाही."

"सरकारला दोन्ही येकच, बाई. खिडकीची काच फुटली तर घर पाडनारी मान्सं ती."

हे तुमचं म्हणणं खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण तुमचा दुसरा मुद्दा मला पटायचाच नाही. "आज आत हाय त्याचं काय, ते बोला," तुम्ही म्हणायचात. "उद्याच्या पोराचं उद्या बघू. आज जो आत हाय त्याला दोरा पायजे." आणि मी म्हणायचे, चाचा, तुम्ही बाहेर बसता म्हणून ती खोली चालते. समितीला अधीक्षकांनी काय सांगितलं? 'आमचे चाचा सोबत बसतात, साहेब.' तुमच्यामुळे ती खोली सुसह्य दिसते. रखवालदारांना झोप लागते, अधीक्षकांना जेवण जातं. तुम्ही एक दिवस बसला नाहीत आणि त्या किंकाळ्या सगळ्यांच्या कानावर पडल्या, तर दुसऱ्या दिवशी ती कडी निघेल.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "म्हंजे येका पोराला वरडू द्यायचं? कंच्या पोराला, ते तुमी सांगा. मी त्याला जाऊन सांगतो, की बाबा, आज तुजी पाळी."

तुमचा हा प्रश्न खरा होता. पण म्हणून तुम्ही बरोबर होता असंही नाही. हे असं आपलं महिनोन्‌महिने चाललं. पायलट सुटून गेला, त्याला वर्ष-दोन वर्षं झाली, तरी चाललं. नारायणगावच्या स्टँडवर, मशीनच्या खडखडाटात, खोलीच्या दाराशी सुद्धा, दोरा तुमच्या हातात असताना. तुम्ही मोठ्या तोऱ्यानं सांगायचात की जुन्नरचा हातकागद लांब लांब जायचा आणि तुमच्या पणज्याच्या हातचा कागद सरकारी कचेऱ्यांत असायचा. कागद करणाऱ्यांच्या घरातला माणूस आणि एका पानाच्या अर्जाला इतका घाबरतो! हे मी गुरुवारी स्टँडवर तुम्हाला तोंडावर बोलले. चार लोक वळून बघत होते. तुमची गाडी लागली आणि तुम्ही म्हणालात, सोमवारी बोलू. आवाजात राग नव्हता. त्याचाच मला जास्त राग आला.

सोमवारी मी गेले. तयारी सगळी डोक्यातून पुसली गेली होती तरी गेले, कारण पोरांना सांगायचं होतं. अधीक्षक म्हणाले, मी सांगतो, आणि त्यांनी प्रार्थनेनंतर रांगेतच सांगून टाकलं, जसं पाण्याची टाकी धुवायची आहे हे सांगतात. पोरं रांगेतच उभी राहिली. तुमच्या शिवणाच्या वर्गातला तो तोतरा पोरगा, ज्याला तुम्ही काजं करायला बसवायचात, तो मात्र सरळ चालत वर्गात गेला आणि त्यानं तुमचं मशीन ढकलून पाडलं. मग कात्री भिंतीवर मारली. रडत नव्हता. तोंडातून शब्द निघत नव्हता आणि हातात येईल ते फेकत होता.

आणि त्यांनी त्याला आत टाकलं, चाचा. तुम्ही गेलात याचं दुःख झालं म्हणून एका पोराला चादरीनं बांधून तुमच्याच दाराआड टाकलं. अधीक्षक मला म्हणाले, "शांत होऊ द्या. चाचांचा लळा होता त्याला." लळा होता हे माहीत होतं! माहीत असून कडी लावली!

दाराशी क्रेट होतं. रखवालदारानं त्यावर चहाचा ग्लास ठेवला होता. आतून आवाज येत होता, तो मी सांगत नाही, तुम्ही तो ऐकलेला आहे. मला काय करावं सुचेना. मी तुमच्या मशीनच्या खणातून रीळ आणलं, बटण शोधलं. ग्लास खाली ठेवून मी क्रेटवर बसले, तुमच्यासारखी. बटण आत सरकवायला दाराकडे वळले तर दिसलं की कडी अगदी माझ्या डोळ्यांसमोर आहे. हात लांबसुद्धा करावा लागला नसता. कुलूप तर कधी नव्हतंच. मी रीळ खाली ठेवलं आणि कडी काढली.

एवढंच होतं. खट्‌ असा आवाज झाला आणि दार उघडलं. रखवालदार ओरडत आला, "मॅडम, काय करता राव!" पोरगं कोपऱ्यात होतं. मी त्याचे हात सोडले. तो पळाला नाही, मला मारलं नाही, काही नाही. उठला, वर्गात गेला, पाडलेलं मशीन उभं केलं आणि पायडल मारत बसला. दोरा ओवलेला नव्हता. बिनदोऱ्याचं मशीन तो दुपारभर चालवत होता.

संध्याकाळी मला नोटीस मिळाली. परवानगीशिवाय दार उघडून सुरक्षेला धोका निर्माण केला, खुलासा करा. खुलासा करीनच. त्याबरोबर मंडळाला अर्जही जाईल, माझ्या एकटीच्या सहीचा. पण चाचा, मी काही दुधखुळी नाही. नोटीस मिळालेल्या बाईचा अर्ज म्हणजे रागानं केलेला अर्ज, असंच म्हणतील. अधीक्षक सांगतील, शांतिकक्ष आहे, सोबत माणूस बसतो, बिबट्याचा भाग आहे. आतली पोरं आतच आहेत, ती त्यांच्यासमोर काय बोलणार? जो बोलू शकला असता तो सोमवारचा वायदा करून रविवारी कबरस्तानात गेला.

मंगळवारी, तिसऱ्या दिवशी, तुमच्या जियारतच्या दुव्याला घरी आले. चाची आतल्या खोलीत बायकांमध्ये बसल्या होत्या. मला जवळ बसवून म्हणाल्या, "तुमीच का त्या भांडनाऱ्या बाई?" मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "घरी येऊन हसायचे. आज बाईनं लई झापलं, म्हनायचे." आणि मग त्यांनी माझा हात धरून ठेवला तो बराच वेळ सोडला नाही. मला वाटलं होतं मी रडणार नाही.

बाहेर ओट्यावर पायलट बसला होता. ओळखलाच नाही मी. मिशी आलीय. मंचरला ग्रिलच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतो. बाईक घेऊन आला होता आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "माजीच हाय, बाई. कागद दावू का?" बाईकच्या किल्लीला एक शर्टाचं बटण होतं, काळ्या दोऱ्यात ओवलेलं.

मी त्याला सोमवारचं सांगितलं. तोतऱ्या पोराचं, कडीचं, नोटिशीचं. मग मी विचारलं, मंडळापुढे येशील का, तुझ्याबरोबर काय झालं ते सांगायला? तो किल्ली बोटावर फिरवत होता. मी मनात म्हटलं, आता हाही म्हणणार, जाऊ द्या बाई, चाचांनी सांभाळलं ना. मी तर ठरवूनच टाकलं होतं की हा तुमच्या बाजूचा साक्षीदार निघणार.

तो म्हणाला, "दोरा व्हता म्हनून जित्ता ऱ्हायलो, बाई. खोटं न्हाई बोलत. त्या दिवशी चाचा नसता तर मी काय केलं असतं काय म्हाईत." मग खाली बघत म्हणाला, "पन मला दोरा नको व्हता. मला भाईर यायचं व्हतं. मी कडीजवळच्या फटीतून बघायचो ना, चाचाची पाठ दिसायची, त्यांचा हात दिसायचा. कडीपासून वीतभर लांब व्हता हात. मला वाटायचं, आता काढतील. आता काढतील. ते कॉलर शिकवत ऱ्हायले."

"त्यांना कधी सांगितलंस का हे?"

"छ्या! म्हाताऱ्याला लई वाईट वाटलं असतं."

चाचा, तुम्हाला वाईट वाटणार आहे हे मला माहीत आहे. तरीसुद्धा मी हे तुम्हाला लिहितेय, कारण माझी सगळी उत्तरं एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. हे मला गुरुवारी माहीत असतं तर मी स्टँडवर कागद-बिगद काही काढलं नसतं. एवढंच सांगितलं असतं आणि तुम्ही गाडीच्या पायरीवरून खाली उतरला असतात. तुम्ही उतरला असतात याची मला खात्री आहे. त्या पोराचं ऐकल्यावर तुम्ही घरी गेलाच नसतात, परत फिरून त्या दाराशी गेला असतात. म्हणून तर मला इतका संताप येतोय. तुम्ही वाईट माणूस असतात तर मी एव्हाना मोकळी झाले असते.

पायलट येणार आहे. मंडळापुढे उभा राहून सांगणार आहे, चादरीचं, कडीचं आणि तुमचंही, दोन्ही बाजूंनी, जसं मला सांगितलं तसं. त्याची एकच अट आहे. ओट्यावरून उठताना त्यानं विचारलं, "बाई, तिथं दार लावून घेत्यात का?" अशा प्रकरणांत दार लावूनच घेतात, पोरांचं नाव बाहेर जाऊ नये म्हणून, ही कायद्याची मायाच आहे. पण त्याच्या तोंडाकडे पाहून मला ते सांगवेना. तो म्हणाला, "दार लावलं तर मला बोलता येत नाय. वर्कशॉपचं शटर बी मी अर्धंच वढतो."

मी त्याला म्हटलं, दार उघडं राहील. मंडळाला विनंती करीन, हात जोडीन, पण उघडं राहील.

तुमचं क्रेट आता माझ्याकडे आहे. रखवालदाराला विचारून घेतलं, त्यानं मुकाट दिलं. सुनावणीच्या दिवशी ते बरोबर नेणार आहे. दाराबाहेर ठेवायला नाही, चाचा. बरोबर उंबऱ्यावर, दाराच्या दोन फळ्यांच्या मध्ये ठेवून त्यावर मी बसणार आहे.